दक्षिणेची भिंत

न्यूझीलंडला आल्यावर आमच्या घरात पहिलं मोठं भांडण झालं ते साबुदाण्याच्या पापड्यांवरून. त्या पापड्या वेळेवर वाळल्या असत्या, तर बाबांच्या उजव्या हाताला आज पाच बोटं असती, असं मला कधी कधी वाटतं. मग वाटतं, हो, बोटं असती, पण त्या गावातली डझनभर पोरं कदाचित नसती. हा विचार मी आयुष्यभर उलटसुलट करत आले आहे आणि तो कुठूनही सुरू केला तरी शेवटी माझ्यापाशीच येऊन थांबतो. म्हणून आता, गुडघे कुरकुरायला लागल्यावर का होईना, एकदा सगळं सरळ लिहून काढते.

आम्ही राहायचो ते घर पुकेकोहेपासून थोडं आत, कांद्याच्या शेतांच्या मधोमध होतं. चारी बाजूंना लाल माती, आणि एका उंचवट्यावर चर्च, चर्चला लागून जुनं दफनस्थान आणि त्याला लागून आमचं घर. पूर्वी तिथे पाद्री राहत. आता पाद्री एक रविवार आड गावातून गाडीने येत, त्यामुळे घर भाड्याने दिलं होतं. पुण्याहून आलेल्या बौद्ध कुटुंबाला पाद्र्याचं घर मिळालं याची आईला आधी फार गंमत वाटली होती. दर्शनी खोलीत भिंतीवर क्रूस काढल्याची फिकट खूण होती. आईने बरोबर तिच्याखाली फळी ठोकून बुद्धाची मूर्ती ठेवली आणि म्हणाली, "जागा रिकामी राहायला नको." रविवारी सकाळी पलीकडे घंटा वाजायची आणि संध्याकाळी आमच्याकडे वंदना आणि पंचशील व्हायचं. मध्ये दोन्ही वेळांना आमटीचा आणि कांद्याचा वास. कांद्याचा वास बाबांच्या कपड्यांना यायचा. पुण्यात सरकारी बांधकाम खात्यात इंजिनिअर असलेले बाबा इथे पॅकहाउसमध्ये पट्ट्यावरून येणारे कांदे निवडायचे, कारण त्यांची कागदपत्रं इथे अजून कुणी मान्य केली नव्हती. व्हिसा आईच्या नर्सिंगवर मिळालेला. वृद्धाश्रमातली ड्यूटी करून ती घरी यायची तेव्हा बाबा चहा करून ठेवायचे, आणि कप देताना तिच्याकडे बघायचे नाहीत.

चर्चच्या किल्ल्या मिसेस प्रॉक्टरकडे असायच्या. सत्तरी ओलांडलेली, काटक, पायात बारा महिने गमबूट. तिच्या पणजोबांनी ते चर्च बांधलं होतं. पणजोबा सुतार. बोटीतून येताना त्यांनी आपल्या इंग्लंडमधल्या गावच्या चर्चचं एक चित्र बरोबर आणलं होतं आणि इथे आल्यावर हुबेहूब तसंच उभं केलं. फरक एवढाच की तिकडचं दगडी होतं आणि इथे कौरी या स्थानिक झाडाचं लाकूड मुबलक होतं, म्हणून जे जे तिकडे दगडात होतं ते ते यांनी लाकडात केलं. भिंतींना बाहेरून दगडी चर्चला असतात तसे तिरके धिरे लावलेले, पण तेही लाकडी, आतून पोकळ. बाबांनी पहिल्या दिवशी त्यांच्यावर बोटाने टकटक केलं आणि मला मराठीत म्हणाले, "प्रज्ञा, हे नुसतं नाटक आहे. याच्यावर काडीचा भार नाही." मिसेस प्रॉक्टरने विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, फार सुंदर आहे म्हणाले.

त्या चर्चमध्ये भर दुपारी अंधार असायचा आणि उन्हाळ्यातही गारठा. दक्षिणेच्या भिंतीत पाच उंच टोकदार खिडक्या, रंगीत काचांच्या. उत्तरेच्या भिंतीत मात्र हाताच्या पंजाएवढ्या तीन फटी. दरवाजाही दक्षिणेला, त्याच्यापुढे छोटी देवडी आणि देवडीच्या बरोबर वर घंटेचा मनोरा. दक्षिणेचा वारा सुटला की तो थेट अंटार्क्टिकावरून त्या दारात यायचा आणि लोक प्रार्थना म्हणताना कोटांच्या कॉलरी वर करायचे. मिसेस प्रॉक्टर अभिमानाने सांगायची, "आमच्याकडे उत्तरेची बाजू थंड, अंधारी. सैतानाची बाजू म्हणत जुने लोक. तिकडे खिडकी ठेवत नाहीत, दार ठेवत नाहीत, कुणाला पुरतसुद्धा नाहीत." मग पुढे म्हणाली, "म्हणजे पुरत, पण बाप्तिस्मा न झालेली बाळं, आणि ज्यांनी स्वतःच जीव दिला ते."

बाबा त्या उत्तरेच्या बाजूला गेले. छान हिरवं गवत, लख्ख ऊन, आणि नाव नसलेले सात-आठ लहान दगड. बाकी सगळी प्रतिष्ठित मंडळी दक्षिणेला, मॅक्रोकार्पाच्या काळ्या झाडांखाली, शेवाळलेली. "आमच्या गावात आपली वस्ती दक्षिणेला होती," बाबा म्हणाले. "गावावरचा वारा आपल्याकडे यावा, आपला गावाकडे जाऊ नये म्हणून. यांची नको असलेली माणसं उत्तरेला. दिशा बदलते, बाकी सगळं तेच." त्यांचा आवाज कडवट नव्हता. नकाशा वाचून दाखवावा तसा होता. मला तेव्हा असल्या गोष्टींचा कंटाळा यायचा. मी पंधरा वर्षांची होते आणि मला केलीसारखं बोलायचं होतं. केली म्हणजे शेजारच्या शेतावरची मुलगी, माझ्या वर्गातली. तिचे बाबा ट्रॅक्टर चालवत, रग्बीवर बोलत, आणि चारचौघांत ओळंबा घेऊन फिरत नसत.

माझे बाबा फिरत. पुण्याहून आणलेला, भिंतीचा सरळपणा बघायचा पितळी ओळंबा, टेप आणि चौकटीची वही. दर शनिवारी ते मला घेऊन चर्चचं माप काढायचे. कुणी सांगितलं नव्हतं. आठवडाभर कांदे निवडलेल्या हातांना त्याशिवाय चैन पडत नव्हतं, एवढंच. मी टेपचं टोक धरायची, ते आकडे सांगायचे, आणि संध्याकाळी त्या वहीत चर्च हळूहळू उभं राहायचं: छताच्या कैच्या, तुळया, मनोऱ्याचे चार खांब, वर घंटेची चौकट. त्यांची रेघ इतकी बारीक आणि सरळ असायची की मिसेस प्रॉक्टर ती वही चष्मा पुसून पुन्हा पुन्हा बघायची. आज मी 'ते रापा' नावाच्या गावी दुधाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. माझ्या नोंदी नीट असतात असं सगळे म्हणतात. त्या कुणाच्या आहेत ते मला माहीत आहे.

तर पापड्या. जानेवारीत आईने सुट्टीच्या दिवशी साबुदाणा शिजवून प्लास्टिकवर पापड्या घातल्या. कुठे वाळत घालायच्या, तर बाबांनी होकायंत्र काढून निर्णय दिला, "दक्षिणेचा व्हरांडा. दक्षिणेला ऊन." आणि खरंच, घराचा मोठा व्हरांडा दक्षिणेलाच होता. चर्च बांधणाऱ्यांनीच तो बांधलेला. चार दिवसांनी पापड्यांना हिरवी लव आली. आईने त्या मुकाट्याने फेकल्या आणि पुन्हा घातल्या. पुन्हा लव. तिसऱ्या खेपेला आईने अख्खं प्लास्टिक गोळा करून बाबांच्या पुढ्यात टाकलं.

"एवढे मोठे इंजिनिअर तुम्ही, आणि ऊन कुठून येतं ते सांगता येईना?"

"अगं, दक्षिणेलाच..." बाबा म्हणाले आणि तिथेच थांबले. मग हसायलाच लागले, कपाळावर हात मारून. "आपण खाली आलोय ना! इथे सूर्य उत्तरेकडून जातो. पुस्तकात मी हे शंभर वेळा वाचलंय. डोक्याला माहीत आहे गं, पायांना माहीत नाही." आईही हसली, मीही हसले. त्या घरातलं ते आमचं शेवटचं निर्धास्त हसणं असावं, कारण बाबांचं हसू अर्ध्यातच थांबलं. ते उठले, पायातल्या जँडल्स, म्हणजे रबरी चपला, न बदलता, हातात स्क्रूड्रायव्हर घेऊन चर्चकडे निघाले. मी मागे गेले.

त्यांनी उत्तरेच्या भिंतीवर स्क्रूड्रायव्हरची मूठ आपटली. टण्ण. कोरडं, खणखणीत लाकूड. मग वळसा घालून दक्षिणेला आले, मनोऱ्याच्या पायथ्याशी, जिथे पांढरा रंग अगदी नवा चकचकीत होता. तिथे आपटलं. भद्द. पुन्हा दुसरीकडे. भद्द. मग त्यांनी फळ्यांच्या सांध्यातून स्क्रूड्रायव्हरचं टोक आत दाबलं, आणि ते न अडखळता मुठीपर्यंत आत गेलं. बाबांनी ते बाहेर काढून मला दाखवलं. त्याला चॉकलेटी, ओला भुगा चिकटला होता. "हा बाहेरचा रंग आहे ना," ते म्हणाले, "तेवढाच उभा आहे." देवडीच्या फरशीवर तसाच चॉकलेटी भुगा मी कित्येकदा पाहिला होता. मिसेस प्रॉक्टर दर रविवारी तो झाडून काढायची आणि म्हणायची, पक्षी घाण करतात.

बाबा तिच्याकडे गेले. आपण पापड्यांची गोष्ट सांगितली तर बाई हसून ऐकेल, असं त्यांना वाटलं, आणि ती हसलीही. मग तिने कपाटातून एक वही आणून दाखवली. चर्चच्या देखभालीची वही, पणजोबांच्या हातची, पुढच्या सगळ्यांनी पाळलेली. उत्तरेची भिंत दरवर्षी खरवडून, तपासून, रंगवायची. दक्षिणेची दर सात वर्षांनी, वरून फक्त एक हात. कारण दक्षिणेची भिंत उन्हाची, कोरडी. इंग्लंडमध्ये ते बरोबरच होतं. इथे त्यांनी शंभराहून अधिक वर्षं कोरड्या भिंतीची काळजी घेतली होती आणि ओल्या भिंतीला नुसता रंग फासला होता. आमच्या पापड्यांची चूक आणि त्यांची चूक एकच. आम्हाला ती महिन्याभरात कळली कारण पापड्या नासतात. कौरी लाकूड चांगलं असतं, ते फार सोसतं.

बाबांनी हे सगळं नीट समजावलं. मिसेस प्रॉक्टरचा चेहरा बंद होत गेला. "प्रकाश, गेल्या वर्षी माणूस येऊन बघून गेलाय. नोंदणीकृत माणूस."

"त्याने आत टोचून पाहिलं का?"

"तुम्ही इथे नोंदणीकृत आहात का?"

बाबा म्हणाले, "नाही." आणि उठले. आईने घरी त्यांना सुनावलं. "परक्या गावात जास्त बोलू नका. आपण तिच्या चर्चच्या घरात राहतो. उद्या म्हणाली खाली करा, तर कुठे जाल?" बाबांनी तरीही चर्चच्या समितीला पत्र लिहिलं, आकृतीसकट. उत्तर आलं की सूचनेची नोंद घेतली आहे आणि हिवाळ्यानंतर विचार करू. त्या पत्रात बाबांच्या नावाचं स्पेलिंग तीन प्रकारे होतं.

मग बाबांनी मनोऱ्याच्या आत वरच्या तुळईला ओळंबा टांगला आणि त्याच्या टोकाखाली फरशीवर मी खडूने फुली मारली. पहिल्या शनिवारी टोक बरोबर फुलीवर होतं. दुसऱ्या शनिवारी नखभर दक्षिणेला. घंटा वाजून गेलेल्या रविवारनंतरच्या शनिवारी बोटभर. बाबा वहीत लिहायचे आणि मला नवी फुली मारायला लावायचे. दक्षिणेचा वारा असला की वर घंटा कुणी न ओढता स्वतःशीच गुणगुणायची. मी माझ्या खोलीत अभ्यास करताना तो आवाज ऐकायची आणि खिडकी लावून घ्यायची. माझी खोलीही दक्षिणेलाच होती. मी आईला म्हटलं, मला खोली बदलून दे. ती म्हणाली, तूसुद्धा आता सुरू झालीस?

हार्वेस्ट फेस्टिव्हल मार्चअखेरीस असायचा. त्या एका रविवारी चर्च ओसंडून भरायचं. आजूबाजूचे शेतकरी भोपळे, कांदे, बटाटे, मक्याची कणसं आणून आत रचायचे, आणि घंटा नेहमीसारखी सात-आठ ठोके न वाजता पाव तास सलग वाजायची. घंटा वाजत असताना पोरांनी हातात एकेक भोपळा नाहीतर टोपली घेऊन देवडीत, म्हणजे बरोबर मनोऱ्याखाली, रांग लावून उभं राहायचं आणि घंटा थांबली की आत चालत जायचं. पणजोबांच्या गावात असंच व्हायचं म्हणे. बाबांनी हे ऐकलं तेव्हा जेवता जेवता त्यांचा घास हातातच राहिला. "पाव तास?" त्यांनी मला दोनदा विचारलं.

आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, बाबांनी ओळंबा शेवटचा पाहिला. तो पहिल्या फुलीपासून तीन बोटं सरकला होता. मग ते शिडीवरून वर गेले, घंटेचा दोर सोडला, वेटोळं करून कोटाखाली धरून घरी आणला आणि कपडे धुण्याच्या खोलीत, लॉण्ड्रीच्या टबमध्ये, जुन्या ब्लँकेटखाली ठेवला. मी दारात उभी होते.

"कुणी विचारलं तर माहीत नाही म्हण," बाबा म्हणाले.

"बाबा, मुसावादा?" मी म्हटलं. खोटं न बोलण्याचं ते शील मी दर रविवारी त्यांच्याच मागून म्हणत होते.

"उद्याचा एक दिवस," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका ओशाळलेला मी कधी पाहिला नव्हता, आणि खरं सांगते, मला त्यांची कीव आली नाही. मला लाज वाटली.

रविवारी आभाळ स्वच्छ होतं. उत्तरेच्या अंगणात वाळवलेल्या नव्या पापड्या आईने तळून मोठ्या टोपलीत भरल्या होत्या, प्रार्थनेनंतरच्या चहासाठी. आम्ही गेलो तेव्हा दोर नाही म्हणून गोंधळ चालला होता. लोक हसत होते, एकमेकांना विचारत होते. पोरं देवडीत रांगेत उभी होती, कुणाच्या हातात भोपळा, कुणाच्या हातात कांद्याची वेणी. मिसेस प्रॉक्टर निळा ड्रेस घालून मनोऱ्याच्या आत वर बघत उभी होती. बाबा कुंपणापाशी, पुण्यात शिवलेल्या चकाकणाऱ्या सुटात, हात मागे बांधून. केली माझ्या कानाशी म्हणाली, "तुझ्या डॅडनेच घेतला ना? सगळे म्हणतायत. तो हीप्स विअर्ड आहे, यू नो." ती हसली, आणि तिच्या बाजूचे दोघं हसले.

मी चालायला लागले. कुंपणापासून देवडीपर्यंत तीस-चाळीस पावलं असतील. गवत ओलं होतं. पोरांच्या रांगेच्या बाजूने मी आत गेले आणि मिसेस प्रॉक्टरला सांगितलं, "इट्स इन अवर लॉण्ड्री. इन द टब." तिने वर बघणं सोडून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "गुड गर्ल," आणि कुणालातरी पाठवलं. केलीने अंगठा वर करून म्हटलं, "स्वीट ॲज." मला फार मोकळं वाटलं. तेवढंच मला आठवतं आहे, आणि त्याचाच मला सर्वांत जास्त राग येतो.

बाबा कुणाशी भांडले नाहीत. दोर हातात घेऊन येणारा माणूस दिसला तेव्हा त्यांनी एकदा देवडीतल्या पोरांकडे पाहिलं. मग आईच्या हातातली टोपली जवळजवळ हिसकावली, चर्चला वळसा घालून उत्तरेच्या गवतात, त्या लहान दगडांच्या पलीकडे जाऊन उभे राहिले आणि ओरडले. बाबांना मी त्याआधी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "किड्स! प्रॉन चिप्स! फ्री! कम, कम!" तळलेल्या पापड्या दिसायला इथल्या कोळंबीच्या चिप्ससारख्याच होत्या. पहिला मुलगा धावला, मग सगळीच. भोपळे देवडीतच टाकून पोरं उत्तरेला पळाली. मोठी माणसं वैतागली. तोवर तो माणूस वर चढून दोर बांधून खाली आला होता; मिसेस प्रॉक्टर वैतागून स्वतः दोर ओढायला लागली. घंटा सुरू झाली.

बाबा पोरांना पापड्या देऊन धावतच परत आले. देवडीत आता ती एकटी होती. ते तिला काहीतरी सांगत होते, ती मान हलवून दोर ओढत होती. मी आठ ठोके मोजले. नववा ठोका जरासा उशिरा आला. त्यानंतर आवाज झाला तो मोडण्याचाही नव्हता. ओलं पोतं कुणी जमिनीवर टेकवावं तसा, जड आणि दबका. दक्षिणेचे दोन्ही खांब पायाशी बसले. मनोरा वाकला, सावकाश, आणि त्या वेळात बाबांनी खांद्याने मिसेस प्रॉक्टरला दाराबाहेर ढकललं. ते स्वतः जवळजवळ बाहेर आलेच होते. उजवा हात तेवढा चौकटीवर राहिला. घंटेची तुळई त्यावर आली आणि घंटा फरशीवर, जिथे भोपळे होते तिथे.

धूळ खाली बसेपर्यंत कुणी हललं नाही. मग आई पळाली. आईने रडायचं नंतरसाठी ठेवलं. गायकांचा एक पांढरा झगा ओढून घेतला, तो फाडला, बाबांचा हात वर धरला आणि बांधला, आणि मधूनच इंग्रजीत हुकूम सोडत होती आणि मधूनच मराठीत बाबांना म्हणत होती, "माझ्याकडे बघा. हाताकडे नाही. माझ्याकडे." उत्तरेच्या बाजूला पोरं तोंडात पापड्या घेऊन तशीच उभी होती. बाबांनी विचारलं, "पोरं मोजली?" आईने मान वळवून मोजली. "आहेत. सगळी आहेत."

तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी राहिली. पुढे चौकशी झाली, माणसं आली, फोटो काढले, बाबांची वही मागून नेली. मिसेस प्रॉक्टरने सगळ्यांना एकच सांगितलं: दोर कुठे आहे ते मी या मुलीला विचारलं, आणि ती खरं बोलली. हॉस्पिटलमध्येही ती माझ्यासमोरच बाबांना हेच म्हणाली, माझ्याकडे अजिबात न बघता. नंतर तिने ती देखभालीची वही बाबांना देऊन टाकली. आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "पोरीने शील पाळलं. तिची काय चूक? विचारल्यावर खोटं कसं बोलायचं?" आमच्या घरात ही गोष्ट अशीच राहिली, आणि पाहुण्यांनाही अशीच सांगितली गेली: दोर लपवणारे बाबा, विचारणारी मिसेस प्रॉक्टर, खरं बोलणारी प्रज्ञा. मी ऐकत बसायची. एकदाही दुरुस्त केली नाही.

बाबा डाव्या हाताने लिहायला शिकले. पुढे त्यांची नोंदणीही झाली, परीक्षा डाव्या हाताने दिली. पण पूर्वीची ती बारीक रेघ त्यांना पुन्हा कधी जमली नाही. मिसेस प्रॉक्टर गेली तेव्हा तिच्या इच्छेप्रमाणे तिला उत्तरेच्या बाजूला, त्या लहान दगडांशेजारी पुरलं. चर्च अलीकडे दुरुस्त झालं. बाबांनीच समितीला सुचवलं होतं म्हणून आता उत्तरेच्या भिंतीत तीन मोठ्या खिडक्या आहेत.

गेल्या महिन्यात मी ते रापाहून गाडी काढून आई-बाबांकडे पुकेकोहेला गेले होते. माझी मुलगीही होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. आईने पापड्या तळल्या होत्या आणि आम्ही मागच्या पायऱ्यांवर उन्हात बसलो होतो. मुलीने आजोबांच्या हाताविषयी विचारलं आणि आईने ती गोष्ट सुरू केली, नेहमीसारखी. "मग मिसेस प्रॉक्टरने तुझ्या मम्मीला विचारलं..."

"तिने विचारलं नव्हतं," मी म्हटलं.

आई थांबली. आता सुटलं होतं तर सुटलं होतं. "बाबा, मला कुणीच विचारलं नव्हतं. मी स्वतःहून जाऊन सांगितलं. केली हसली म्हणून. तुमची लाज वाटली म्हणून. तुम्ही खोटे ठरावेत असं मला वाटत होतं."

बाबा समोरच्या कुंपणाकडे बघत होते. म्हणाले, "मी तिथेच उभा होतो ना, कुंपणापाशी. तू चालत गेलीस ते मी पाहिलं. तू बोलेपर्यंत मिसेस प्रॉक्टरचे ओठ हललेच नाहीत."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

त्यांनी अंगठा आणि करंगळीत धरून पापड्यांची ताटली माझ्याकडे सरकवली.

"घे," ते म्हणाले. "मऊ पडतील."